चहाचा ट्रे

आमच्या घरात कपबश्या नाहीत. स्टीलचे उभे पेले आहेत आणि ते पाऊणच भरायचे, अशी पद्धत आहे. सासूबाईंना सुरुवातीला हे खटकले होते, कारण पाहुण्याला पाऊण पेला चहा देणे म्हणजे त्यांच्या लेखी हात आखडता घेणे होते. परंतु सून नोकरी करते, तिला घासायला सोपी भांडी हवी असणार, असा अर्थ लावून त्यांनी तो विषय सोडून दिला. खरे कारण माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर नऊ वर्षे ठाऊक नव्हते. हात कापू लागला की बशीवरचा कप वाजतो. पेला वाजत नाही.

हे कापणे घरच्या लोकांनी एकदा पाहिले होते, पण ओळखले नव्हते. मी २४ वर्षांची असताना साताऱ्याला आमच्या पुढच्या खोलीत कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला आणि सहा कपांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, तेव्हा त्या कपांची किणकिण आतल्या खोलीपर्यंत ऐकू जात होती. मावशी हसून म्हणाली, "घाबरलीय पोर, साहजिकच आहे." पाहुणेही कौतुकाने हसले. ज्या प्रसंगात मुलीने घाबरणे अपेक्षितच असते, त्या प्रसंगात भीती लपून राहते, हे मला तेव्हा कळले आणि त्याचा मला मोठा दिलासा वाटला. लग्न झाल्यावर मात्र ती सवलत संपली. सुनेचा हात कापण्याला काही कारण नसते.

चारचौघांत घाबरण्याच्या या स्वभावासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. भिडस्त, बुजरी, लाजाळू, घुमी, एकलकोंडी, मुखदुर्बळ हे सगळे शब्द मी स्वतःविषयी ऐकले आहेत. भीड ही भिकेची बहीण, असे बजावणारी हीच भाषा मुलीच्या स्थळासाठी "मितभाषी, सालस" असे गुणवर्णनही करते. या शब्दांपैकी एकही मला लागू पडत नव्हता. बुजरा माणूस लग्नाला जातो, तासभर कोपऱ्यात बसतो, मग ओळखीचे कुणी भेटले की रुळतो आणि घरी येताना त्याला बरे वाटते. माझी झोप लग्नाच्या पंधरा दिवस आधीपासून उडालेली असे, प्रत्यक्ष मांडवात मी काय बोलले ते मला ऐकू येत नसे आणि परतल्यावर पुढचे तीन दिवस मी त्याच बोलण्याचे रवंथ करत असे. रुळणे नावाची पायरी त्यात नव्हतीच. मला सर्वांत जास्त लागलेला शब्द मात्र वरच्या यादीत नाही. तो शब्द म्हणजे शिष्ट. चुलत जावेने तो कुणाजवळ तरी उच्चारला आणि नेहमीप्रमाणे तो माझ्यापर्यंत पोहोचला.

लाजाळूपणा आणि आजार यांच्यात रेघ ओढण्याचे काम वैद्यकशास्त्रानेही बऱ्याच उशिरा केले. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६६ साली निरनिराळ्या भीती कोणत्या वयात सुरू होतात हे तपासले, तेव्हा प्राण्यांची भीती अगदी लहानपणी आणि चारचौघांची भीती वयात आल्यानंतर सुरू होते, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या आजारांच्या सूचीत सोशल फोबिया हे नाव घातले आणि १९९४ च्या आवृत्तीत त्याला सोशल अँक्झायटी डिसऑर्डर हे पर्यायी नाव दिले, जे आता रूढ झाले आहे. मराठीत सामाजिक चिंताविकार म्हणतात. इतर लोक आपल्याला पाहतील, जोखतील आणि आपली फजिती होईल, ही भीती सहसा सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असणे आणि तिच्यामुळे रोजचे जगणे अडणे, या दोन गोष्टी निदानासाठी महत्त्वाच्या मानल्या जातात. माझ्यापुरते सांगायचे तर सुरुवात नववीत झाली. फळ्यावर त्रिकोण काढताना खडू थरथरला, मागून कुणीतरी "थंडी वाजतेय का?" असे विचारले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी फळ्यापाशी गेले नाही. गणितात पहिली येणारी मुलगी फळ्यापाशी का येत नाही, असे कुणालाही वाटले नाही, कारण तोपर्यंत मी सोयी करायला शिकले होते.

सोयी हा माझा शब्द आहे आणि त्याच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण भीतीने जेवढे माझे आयुष्य व्यापले नाही तेवढे या सोयींनी व्यापले. पेले ही एक सोय झाली. पंगतीत वाढायची वेळ आली की मी मीठ, लिंबू, कोशिंबीर उचलत असे. आमटी, ताक, तूप अशा धार धराव्या लागणाऱ्या गोष्टींच्या वाटेला जात नसे. हळदीकुंकवाला मी वाण वाटायला पुढे होई, म्हणजे दुसरीच्या कपाळाला कुंकू लावण्याचे काम टळत असे. नाव घेण्याचा आग्रह होईल असे दिसले की माझा फोन वाजत असे. तो मीच खिशातल्या खिशात वाजवलेला असे. कार्यालयात मी सगळ्यांच्या आधी पोहोचत असे, म्हणजे बसलेल्या माणसांसमोरून चालत जावे लागत नसे. बैठकीत पेन दोन्ही हातांनी घट्ट धरत असे. फोन करण्यापूर्वी बोलायची वाक्ये कागदावर लिहून ठेवत असे आणि पलीकडून फोन उचलला गेला नाही की मला सुट्टी मिळाल्यासारखे वाटत असे. मी हिशेबनीस आहे. नोंदी ठेवणे हा माझा पेशाच आहे. तरीही या सोयींसाठी रोज किती वेळ आणि बुद्धी खर्च होते, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

सगळ्यात अवघड होती सही. एकटी असताना मी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते, रांगोळीचे ठिपके एका ओळीत काढते. पण खिडकीपलीकडचा माणूस माझ्या हाताकडे पाहत असेल, तर माझे नाव मला लिहिता येत नसे. धनादेश घरून सही करून नेणे ही त्यावरची सोय होती. मग २०१७ साली आम्ही घर घेतले. गृहकर्जाच्या कागदांचा गठ्ठा समोर आला, अधिकारी प्रत्येक पानावर बोट ठेवून "इथे, आणि इथे" असे सांगू लागले. चौथ्या की पाचव्या पानावर ते सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, सही जुळत नाहीये, जरा सावकाश करा." मी उठले, चक्कर येते आहे असे सांगितले आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. नवरा मागोमाग आला. मला बीपीचा त्रास आहे की काय, या काळजीने तो पाण्याची बाटली घेऊन उभा होता आणि मी त्याला कपबश्यांची गोष्ट सांगत होते.

आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईडची तपासणी करायला लावली, कारण हात कापण्याला शारीरिक कारणेही असतात आणि ती आधी वगळणे शहाणपणाचे असते. अहवाल ठीक आला. मग त्यांच्याच सांगण्यावरून मी एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी मला एक प्रश्नावली दिली. मायकेल लिबोविट्झ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८७ साली ती तयार केली असून तिच्यात २४ प्रसंग आहेत: लोकांसमोर फोनवर बोलणे, लोकांसमोर खाणे, कुणी पाहत असताना काम करणे, दुकानात वस्तू परत करणे वगैरे. "कुणी पाहत असताना लिहिणे" हा प्रसंग छापील यादीत वाचला, तेव्हा मी कागद खाली ठेवला. ज्या गोष्टीला मी माझ्या एकटीचे वेड समजत होते, तिला कुणीतरी दूरच्या देशात, मी शाळेतही गेलेली नसताना, क्रमांक देऊन ठेवला होता.

या प्रश्नावलीत प्रत्येक प्रसंगासमोर दोन रकाने असतात. भीती किती वाटते, हे एका रकान्यात आणि तो प्रसंग किती टाळता, हे दुसऱ्या रकान्यात, शून्य ते तीन अशा अंकांत लिहायचे असते. मी भीतीच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी एक किंवा दोन लिहिले होते. बाईंनी विचारले, "दुकानात वस्तू परत करायची भीती एकच?" मी म्हणाले, हो, फारशी वाटत नाही. त्यांनी शेजारच्या रकान्यातल्या तीनवर बोट ठेवले. मी आयुष्यात एकही वस्तू परत केलेली नव्हती. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत हे मी दुसऱ्यांना शिकवते, आणि इथे एका बाजूची रक्कम कमी दिसत होती, कारण ती सगळी दुसऱ्या बाजूला वळती केलेली होती.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या विकाराची जी मांडणी केली, ती बाईंनी मला आठवडाभराच्या अंतराने तुकड्यातुकड्यांनी समजावली. चारचौघांत गेल्यावर अशा माणसाचे लक्ष बाहेरून आत वळते. तो समोरच्यांचे चेहरे पाहत नाही. स्वतःची छाती, घसा, हात यांच्यावर पहारा ठेवतो आणि आतून जे जाणवते त्यावरून आपण बाहेरून कसे दिसत असू, याचे चित्र रंगवतो. हात आतून भूकंपासारखा वाटतो, म्हणजे तो तसाच दिसत असणार, असे तो धरून चालतो. मग ते दिसू नये म्हणून सोयी करतो. प्रसंग निभावला की श्रेय सोयीला मिळते, आणि सोय नसती तर काय झाले असते, हे तपासायची संधी कधी येतच नाही. माझ्या बाबतीत ही संधी एकोणीस वर्षे आली नव्हती.

बाईंनी ती आणली. त्यांच्या दवाखान्यात छोटे स्वयंपाकघर होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांना बोलावले, बाजारातून आणलेल्या कपबश्या ट्रेमध्ये मांडल्या आणि मोबाइल कपाटावर टेकवून चित्रण सुरू केले. एकदा मी माझ्या सगळ्या सोयी वापरून चहा द्यायचा होता: कप अर्धे, कोपरे अंगाशी घट्ट, नजर ट्रेवर, चाल झपाझप. दुसऱ्यांदा कप भरून, हात मोकळे सोडून, ज्याला चहा देते त्याच्याकडे पाहत. दोन्ही वेळा हात किती कापेल, याचा अंदाज मी आधी दहापैकी नऊ असा लिहून दिला होता.

चित्रण पाहण्यापूर्वी त्यांनी सांगितले की ही कुणी अनोळखी स्त्री आहे असे समजून पाहा. पहिल्या चित्रणात हात मला दहापैकी तीन इतका कापताना दिसला, तोही मी शोधत होते म्हणून. दिसली ती वेगळीच गोष्ट. एक बाई ताठ खांद्यांनी खोलीत येते, कुणाकडे बघत नाही, समोरचा "वा, छान" म्हणतो त्याला उत्तर देत नाही, ट्रे जवळजवळ आपटते आणि पाठ फिरवून निघून जाते. "ही बाई शिष्ट आहे," मी म्हणाले. मग मीच काय बोलले ते मला ऐकू आले. जावेने काही खोटे सांगितले नव्हते. तिने जे दिसले ते सांगितले होते, आणि ते दिसावे यासाठी मी कित्येक वर्षे कष्ट घेतले होते. दुसऱ्या चित्रणात कप अधिक वाजत होते, एका बशीत थोडा चहा सांडलाही होता, आणि ती बाई बरी वाटत होती.

आपल्याकडे किती जण पाहतात, याचा आपला अंदाज किती फुगलेला असतो, यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक गमतीदार प्रयोग आहे. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, त्या वयात लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचे. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असे घालणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही आले नव्हते. मला हा प्रयोग आवडतो, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे, असे माझे मत आहे. "कुणी बघत नाही गं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्याने मला तसूभरही फरक पडला नव्हता. शिवाय कधीकधी लोक खरोखरच बघतात. तेव्हा काय होते, हे स्वतः पाहिल्याशिवाय भीतीचे धाबे दणाणत नाही.

ते पाहण्याचा धडा पुण्यातच गिरवता आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे नाव, त्यांचे विचार मराठीत मांडणाऱ्या कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात पुष्कळांना परिचयाचे आहे. हे एलिस १९ वर्षांचे असताना स्त्रियांशी बोलायला घाबरत, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशेजारी बसून बोलायचे असे ठरवले. सुमारे १३० जणींपैकी ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एक भेटायला तयार झाली आणि ती आलीच नाही. भीती मात्र गेली. ही कथा भाषणांत हमखास टाळ्या घेते. मला ती ऐकताना बाकावरच्या त्या स्त्रियांचे काय, असा प्रश्न पडतो. पुढे एलिस आपल्या रुग्णांना भुयारी रेल्वेत मोठ्याने स्थानकांची नावे पुकारायला लावत, ते मला अधिक पटते, कारण त्यात फजिती फक्त आपली होते.

मी पीएमपीच्या बसमध्ये स्थानके पुकारली नाहीत. बाईंनी मला तुळशीबागेत पाठवले. पाच दुकानांत भाव विचारायचा, वस्तू हातात घेऊन पाहायची आणि न घेता बाहेर पडायचे. पुण्यातल्या कुठल्याही बाईला हे रोजचे काम वाटेल. पहिल्या दुकानातून मी नको असलेली दोन पितळी निरांजने विकत घेऊन बाहेर पडले. तिसऱ्या खेपेला जमले. दुकानदाराने "घ्यायचं नसेल तर कशाला काढायला लावता?" असे ऐकवलेही. मी थांबून त्याचा चेहरा नीट पाहिला. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायला दोन सेकंदही घेतले नाहीत. त्यानंतर बसमध्ये "मास्तर, थांबा घ्या" असे मोठ्याने म्हणणे, टपाल कार्यालयात घरी न भरलेला अर्ज खिडकीवरच भरणे, आणि शेवटी हात मुद्दाम थरथरवून सही करणे, असा क्रम होता. मुद्दाम कापवायला गेले की हात कापेनासा होतो, हा मला झालेला मनस्ताप कुणाला सांगून खरा वाटणार नाही.

सरळ चढ मात्र नव्हता. २०१९ साली एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात मला चार शब्द बोलायला सांगितले गेले. मी उभी राहिले, पहिले वाक्य अर्धे झाले आणि बसले. नंतर कुणीतरी गांधीजींचा दाखला दिला. तो प्रसंग खरा आहे: मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिलेल्या गांधींना एकही प्रश्न सुचला नाही, ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत करून मोकळे झाले. पण दाखला देणारे पुढचे सांगत नाहीत. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत ते पुन्हा न्यायालयात उभे राहिले नाहीत आणि राजकोटला अर्ज व निवेदने लिहून देण्याच्या कामावर महिन्याला सरासरी ३०० रुपये मिळवू लागले. म्हणजे त्यांनीही एक सोय शोधली होती, आणि ती चांगली चालत होती. दाखल्यापेक्षा मला या तपशिलाचा आधार जास्त वाटला.

त्याच सुमारास एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला सर्ट्रालीन हे औषध सुरू केले. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे गेले, सुरुवातीला मळमळ झाली आणि साधारण वर्षभराने त्यांनीच ते हळूहळू बंद केले. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही, पण ते घेणे हा पराभव आहे, असे मला आता वाटत नाही. थरथर कमी व्हावी म्हणून भाषणापूर्वी घ्यायच्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीविषयी मला अनेक जण विचारतात; दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकते, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. फोनचीच धास्ती असलेल्याला फोन क्रमांक देणे विनोदी आहे, हे मला कळते. वाक्ये कागदावर लिहून घेऊन फोन केला तरी पलीकडच्यांना चालते.

२०२० च्या टाळेबंदीत मी खूप सुखी होते, हे कबूल केले पाहिजे. मुखपट्टी होती, हळदीकुंकू नव्हते, बैठकीत कॅमेरा बंद ठेवता येत होता. ती दोन वर्षे संपल्यावर पहिल्या लग्नात मी पुन्हा मिठाची वाटी उचलली होती. तिथून परत ताकाच्या भांड्यापर्यंत यायला सहा-सात महिने लागले.

गेल्या मे महिन्यात भाचीचे लग्न साताऱ्याला झाले. मी दोन पंगतींना तूप वाढले. धार एक-दोघांच्या वरणाऐवजी भातावर पडली, एका आजोबांच्या मनगटावरही पडली. त्यांनी ते चोळून टाकले आणि "अजून वाढ" म्हणाले. दुपारी भांडी आवरताना मी आईला विचारले की तुला मी कुठल्याच कार्यात बाहेर वाढताना पाहिलेले नाही, ते का. आई ७३ वर्षांची आहे. गावात तिची ख्याती अशी की शंभर माणसांच्या पोळ्या एकटी लाटते आणि मांडवाकडे ढुंकून पाहत नाही, इतकी कामसू. हा विकार काही घराण्यांत अधिक आढळतो, हे बाईंनी मला पूर्वीच सांगितले होते, पण तेव्हा मी वडिलांच्या बाजूची माणसे आठवून पाहिली होती.

आईने परात उलटी करून ठेवली आणि हात पदराला पुसले. "कुणीतरी आत लागतंच की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तुझा हात अजून कापतो का गं?"